मागे बसणारीला आधी कळतं



या सदरात आपण मिक्सरच्या भांड्याचा बुश पाहिला, शिलाई मशीनला तेल दिलं, गळणाऱ्या नळाचा वॉशरही बदलला. आज स्वयंपाकघरातून अंगणात येऊ या. तिथं घरातलं सगळ्यांत जास्त राबणारं यंत्र उभं असतं, आणि त्याच्याकडे आपण 'ते ह्यांचं काम' म्हणून बघतसुद्धा नाही. मी मोटारसायकलबद्दल बोलते आहे.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. नणंदेकडे गंगाखेडला महालक्ष्म्यांचं जेवण होतं. परभणीहून चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, म्हणून आम्ही दोघं मोटारसायकलनंच निघालो. खरं सांगायचं तर त्याआधी पंधरा दिवसांपासून मला मागे बसल्यावर काहीतरी वेगळं जाणवत होतं. गाडीनं वेग घेतला की सीटखालून 'घूंऽऽ' असा आवाज यायचा आणि वळणावर मागचा भाग जरासा झुलल्यासारखा व्हायचा. मी ह्यांना म्हटलं, तर उत्तर काय? "रस्ता खराब आहे." चार दिवसांनी पुन्हा म्हटलं. "तू नीट बसत नाहीस. सारखी हलतेस, म्हणून गाडी हलते."

मी गप्प बसले. आपलंच चुकत असेल असं मलाही वाटलं. एका बाजूला पाय सोडून बसायचं, मांडीवर पिशवी, खांद्यावरचा पदर सांभाळायचा. हलत असेन बाई! मी अगदी पुतळ्यासारखी बसायला लागले. आवाज तसाच. मग गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी दाखवली. तिथं 'टायर गेलाय' असं निदान झालं. नवा टायर पडला, पैसे गेले, आवाज गेला नाही.

त्या दिवशी पोखर्णी मागे टाकली आणि समोरून एक टेम्पो अंगावर आल्यासारखा आला. ह्यांनी ब्रेक दाबला मात्र, गाडीचं मागचं चाक डावी-उजवीकडे असं काही लडबडलं की आम्ही रस्ता सोडून खाली उतरलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाय धरून ठेवते म्हणून आपण तिला नावं ठेवतो, पण त्या दिवशी त्या चिखलानंच आम्हाला धरलं. माझं कोपर सोललं, ह्यांचा गुडघा खरचटला, डब्यातली भाजी सांडली. एवढ्यावरच निभावलं.

गाडी हळूहळू ढकलत, थोडी चालवत गंगाखेडला नेली. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक हातानं नुसतं हलवलं आणि म्हणाले, "वहिनी, टायर नव्हता हो गेला. बेअरिंग बोलायलंय कवाचं. कुणी ऐकलं न्हाई का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे पाहिलं. चाक उघडलं तर आतून गंजाचं तांबडं पाणी आलं आणि बेअरिंगच्या गोळ्या सुट्या होऊन मिस्त्रींच्या तळहातावर पडल्या.

बेअरिंग म्हणजे काय?

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय कळायचं? जात्याची खीळ झिजली की वरची तळी डुगडुगती, अन् पीठ भरड येतं." यापेक्षा सोपं कुणी सांगेल का? आणि हे सगळं घडलं गंगाखेडला, संत जनाबाईंच्या गावी. तिथं जात्याची आठवण व्हायचीच!

चाकाच्या मधोमध जो जाड भाग असतो तो हब. त्यातून आरपार एक दांडा जातो, तो ॲक्सल. दांडा जागेवर राहतो आणि चाक त्याच्याभोवती फिरतं. दोघांत घासाघीस होऊ नये म्हणून हबच्या दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग बसवलेलं असतं. बांगडीत बांगडी बसवावी तशी दोन पोलादी कडी, त्यांच्यामध्ये गोळ्या, आणि गोळ्यांना ग्रीस. बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकाला साखळीच्या बाजूनं आणखी एक, म्हणजे तिसरं बेअरिंग असतं.

गोळ्यांवर चाक फिरवण्याची युक्ती जुनी आहे. वेल्समधल्या फिलिप व्हॉनं घोडागाडीच्या आसासाठी १७९४ साली तिचं पेटंट घेतलं. १८६९ साली पॅरिस ते रुआँ ही सायकलशर्यत जेम्स मूरनं जिंकली, तीही गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरणाऱ्या चाकांनी. आपल्याकडे पुण्याची लूना १९७२ साली आली आणि गावोगावच्या कितीतरी बायका पहिल्यांदा स्वतःच्या हातानं गाडी चालवू लागल्या. त्या छोट्या चाकांतही हीच कडी आणि ह्याच गोळ्या होत्या.

बैलगाडीच्या चाकाला आसावर थोडी मोकळीक असे, मधूनमधून वंगण घातलं की काम भागे. मोटारसायकलचं तसं नाही. तिथं हाताला जाणवेल एवढी 'खट्‌' सुद्धा चालत नाही.

मागे बसणारीचे कान

गाडी चालवणाऱ्याच्या कानात वारा असतो, इंजिनाचा आवाज असतो, लक्ष रस्त्यावर असतं. मागे बसणारी मात्र मागच्या चाकाच्या अगदी डोक्यावर बसलेली असते. चाकातली घरघर तिला सीटमधून थेट कळते. म्हणून म्हणते, आपलं जाणवणं खोटं मानू नका. फक्त ते नेमक्या शब्दांत सांगायला शिका. 'गाडी कशीतरीच होते' म्हटलं की कुणी ऐकत नाही.

आवाज वेगाबरोबर वाढतो का, ते पाहा. 'घूंऽऽ' किंवा 'घर्रर्र' असा सलग आवाज वेगाबरोबर चढत असेल तर संशय चाकावर. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर चालवणाऱ्याला क्लच दाबून गाडी थोडी घरंगळू द्यायला सांगा. इंजिन मंदावूनही आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाचा नाही, चाकाचा किंवा साखळीचा आहे. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलत असेल तर तो बहुधा टायरचा. बेअरिंगचा आवाज रस्ता बदलला तरी फारसा बदलत नाही.

हलणं कुठून येतं तेही महत्त्वाचं. वळणावर मागचा भाग झुलला तर मागचं चाक किंवा त्याला धरणारा चिमटा. हँडल थरथरत असेल तर पुढचं चाक, पुढचा टायर किंवा कोनसेट. पुढचा ब्रेक दाबताच हँडलच्या मानेत 'खट्‌' झालं तर कोनसेट ढिला.

आणि एका बाजूला बसण्याचं काय? तसं बसल्यानं तोल थोडा एका अंगाला जातो हे खरं. म्हणून पंजाबी ड्रेस असेल तेव्हा दोन्हीकडे पाय टाकून बसावं, ते जास्त सुरक्षित. पण धडधाकट गाडी तेवढ्यानं लडबडत नाही. आपल्या बसण्यामुळं घरघर तर मुळीच येत नाही. कुणी तसं म्हटलं तर पुढची परीक्षा करून दाखवा.

आधी साध्या गोष्टी

डॉक्टर आधी जीभ बघतात, तसं आधी सोपं ते बघावं.

टायरमध्ये हवा कमी आहे का? हवा उतरली की गाडी डुलतेच. टायरला कुठं फुगवटा आलाय का, एका बाजूनं जास्त झिजलाय का? रिमच्या आत चिखलाचा गोळा वाळून बसलाय का? आपल्याकडे जिंतूर म्हणा, पालम म्हणा, पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीला हे हमखास होतं. एकाच जागी चिकटलेल्या मातीनंही चाक थडथडतं. आणि गाडीवर मागे एकाच अंगाला दुधाची किटली किंवा पोतं लटकतंय का?

तारांचं चाक असेल तर एकेका तारेवर पान्यानं हलकेच टिचकी मारा. ताठ तार 'टण्‌' वाजते, ढिली तार 'थड्‌' करते. मडकं पारखून घेतो ना, अगदी तसंच.

मग रिम वाकडी आहे का ते पाहा. गाडी डबल स्टँडवर घ्या, चिमट्यावर एक पेन्सिल घट्ट धरा, टोक रिमच्या अगदी जवळ ठेवा आणि दुसऱ्या कुणाला चाक सावकाश फिरवू द्या. पेन्सिल आणि रिम यांतलं अंतर कमीजास्त होत असेल तर रिम 'आऊट' आहे. साधारण २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर रिम दुरुस्त करायला हवी. पण रिम वाकडी असणं आणि बेअरिंग जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. वाकडी रिम घट्ट असते आणि फिरताना नागमोडी दिसते. बेअरिंग गेलं की चाक जागेवरच हातानं हलतं.

चाक हलवून पाहा

या परीक्षेला दोन माणसं लागतात. इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, बांगड्या वर सारा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चाकाला कधीही हात लावायचा नाही. साखळीत बोट गेलं तर क्षणाचाही उशीर लागत नाही.

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घेतली की मागचं चाक अधांतरी होतं. एकानं हँडल धरून गाडी स्थिर ठेवावी. दुसरीनं चाक घड्याळाच्या बारा आणि सहा आकड्यांच्या जागी, म्हणजे एक हात वर आणि एक खाली, धरून आत-बाहेर ढकलावं. मग तीन आणि नऊच्या जागी धरून तसंच करावं. निरोगी चाक दगडासारखं घट्ट लागतं. 'खट्‌-खट्‌' जाणवलं तर थांबा आणि नीट पाहा, काय हलतंय? चिमटा स्थिर आणि फक्त चाक हलतंय, तर बेअरिंग गेलं. चाकाबरोबर चिमटाही त्याच्या मुळाशी हलतोय, तर चिमट्याचे बुश गेले.

पुढच्या चाकासाठी एकानं गाडीच्या मागच्या भागावर भार द्यावा म्हणजे पुढचं चाक उचलेल. आता एका हातानं फोर्कचा खालचा भाग घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं चाक हलवा. फोर्क जागच्या जागी आणि चाक हलतंय, तर चाकाचं बेअरिंग. दोन्ही मिळून पुढे-मागे होतात आणि मानेत खट्‌ लागते, तर कोनसेट.

चाक अधांतरी असतानाच हँडल अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. मधोमध आल्यावर खाचेत अडकल्यासारखं होतं का? तसं असेल तर कोनसेटच्या वाट्यांत गोळ्यांचे खड्डे पडलेत. नुसता ढिला कोनसेट आवळता येतो, खड्डे पडलेला मात्र बदलावाच लागतो. आणि फार आवळला तरी वाईट. मग हळू चालवताना गाडी सरळ जायलाच तयार नसते.

आता चाक हातानं फिरवा आणि ऐका. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ॲक्सलच्या टोकाला टेकवा, मूठ कानाशी धरा. चांगलं बेअरिंग जवळजवळ गप्प असतं. गेलेलं बेअरिंग डाळ भरडावी तसं करकरतं. मागच्या चाकाला साखळीची खळखळ मिसळते, ती वेगळी ओळखावी. सुरुवातीला ओळखता येत नसेल तर शेजारची चांगली गाडी अशीच ऐकून बघा. फरक लगेच कळेल.

डबल स्टँड नसलेल्या गाडीला साइड स्टँडवर तिरकी करून उचलण्याचं धाडस घरी करू नका. ते गॅरेजमध्येच होऊ द्या. स्कूटीवाल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट वेगळी. बहुतेक गिअर नसलेल्या पेट्रोल स्कूटरचं मागचं चाक सरळ गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेलं असतं. ते हललं किंवा घरघरलं तर मोठा नट ढिला झालाय, नाहीतर गिअरबॉक्समधलं बेअरिंग गेलंय. तिथं लगेच मिस्त्री गाठावा.

बेअरिंग जातं कशानं?

आमच्या घरी दर रविवारी पाइपचा जोराचा फवारा सोडून गाडी धुण्याची हौस होती. तो फवारा नेमका हबच्या मधोमध धरला की पाणी रबरी सीलमधून आत शिरतं, ग्रीस धुऊन निघतं आणि गंज धरतो. वरून गाडी चकचकीत, आतून पोकळ! आमच्या गाडीतलं ते तांबडं पाणी अंगणातल्याच नळाचं होतं. हबवर फवारा मारू नये, ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं. त्याखेरीज चिखलातून, ओढ्यातून गाडी घालणं, खड्ड्यांत आपटणं आणि झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं ही कारणं आहेतच.

मिस्त्रींकडे गेल्यावर

नुसतं 'गाडी बघा' म्हणू नका. 'मागचं चाक डबल स्टँडवर आडवं हलतं, क्लच दाबला तरी आवाज राहतो' असं सांगा. निम्मं काम तिथंच होतं, आणि उगीच टायर बदलला जात नाही.

एका चाकाची बेअरिंगं एकदमच बदलून घ्या. एक जुनं, एक नवं ही काटकसर महागात पडते. सील नवीनच घाला. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, ती परत बसवली का ते मुद्दाम विचारा. ती विसरली तर ॲक्सल आवळताच बेअरिंगं आतून दाबली जातात आणि नवी जोडीही लवकर जाते. नवं बेअरिंग बसवताना ठोका बाहेरच्या कड्यावरच पडायला हवा. आतल्या कड्यावर हातोडा मारला की गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात. नवं बेअरिंग हबमध्ये हातानंच सहज सरकलं, तर हबची जागाच मोठी झालीय. तात्पुरती ठोकाठोक करून घेण्यापेक्षा हब बदलण्याची तयारी ठेवा.

बेअरिंगवर नंबर असतो, उदाहरणार्थ ६३०१. त्यातले शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात. ०१ म्हणजे १२ मिलिमीटर, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढं त्या आकड्याला पाचानं गुणायचं. जुनं बेअरिंग बरोबर घेऊन जा, तोच नंबर मागा, बंद खोक्यातलं घ्या आणि बिल घ्या. नकली मालही खोक्यात येतो, म्हणून दुकान ओळखीचं असावं. काही शेकड्यांत हे काम भागतं. आमचा नवा टायर याच्या कितीतरी पट महाग पडला होता, आणि तो टायर दोषी नव्हताच!

वाटेतच लडबडली तर

चालवणाऱ्यानं घाबरून करकचून ब्रेक दाबू नये, हँडलशी झगडू नये. हँडल घट्ट पण ताठरून न जाता धरावं, रेस हळूहळू सोडावी आणि वेग आपोआप उतरू द्यावा. मागे बसणारीनं किंचाळू नये, उडी तर मुळीच मारू नये. आधाराचा दांडा धरून, अंग चालवणाऱ्याच्या रेषेत ठेवून स्थिर बसावं. गाडी थांबली की बाजूला घ्यावी आणि पुन्हा जोरात पळवू नये. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर हवं. पोलीस फक्त पुढच्याला विचारत असतील, पण रस्ता दोघांनाही सारखाच लागतो.

आणखी एक, खास आपल्यासाठी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानुसार मागे बसणाऱ्याला धरायला आधार, पाय ठेवायला पायरी आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असायला हवी. शोभा दिसत नाही म्हणून ही जाळी काढून टाकणारी मुलं असतात. ती काढू देऊ नका. चाक कितीही घट्ट असलं तरी पदर त्यात गेला की सगळं संपतं.

लक्षात ठेवा

० महिन्यातून एकदा, हवा भरून आणल्यावर, दोन्ही चाकं हातानं हलवून पाहा.
० खट्‌ जाणवली तर त्या गाडीवर लांबचा प्रवास नको.
० हबवर पाण्याचा फवारा नको.
० बेअरिंगं एकदमच बदला, सील नवीन घाला, मधली नळी विसरू नका.
० जाळी, आधाराचा दांडा आणि पायरी जागेवर आहेत ना, ते बघा.

आमच्याकडे आता काय चाललंय ते सांगून थांबते. परवा सेलूला निघालो होतो. गाव सुटलं, गाडीनं वेग घेतला, आणि ह्यांनी मान जराशी मागे वळवून विचारलं, "काही आवाज येतोय का गं?"

मी क्षणभर कान देऊन ऐकलं आणि म्हटलं, "नाही. चला."